बांधावरची छत्री

रविवार, २७ जानेवारी १९७४

वर्तुळ पुरं व्हायला बोटभर उरलं होतं, तेवढ्यात गोरक्षने कागद कुंचल्याखालून ओढून घेतला आणि दारातल्या उजेडात धरला. रंग ओला होता, खाली ओघळला. त्याने कागद उभा धरून पाहिला, मग आडवा.

"मास्तर, ह्यात आमी कुठं हाय?"

मी सांगितलं. काळी आडवी रेघ म्हणजे शेत. लाल वर्तुळ म्हणजे ऊन. बाकी सगळं पांढरं. गाण्यात आहे तेवढंच चित्रात आहे.

त्याचं म्हणणं पडलं की शेत आणि ऊन लोकांच्या घरीही आहे. त्यासाठी कोणी रेकॉर्ड विकत घेणार नाही. कव्हरवर तोंडं लागतात.

गोरक्षचं सायकलचं दुकान माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे. संध्याकाळी दुकान आवरलं की तिथेच गाण्याच्या पार्टीची तालीम होते. तो स्वतः पेटी वाजवतो. आसाराम क्लॅरिनेट वाजवतो. पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये होता. ढोलकीला सहादेव, तो बोरखडीहून एसटीने येतो. त्याची बायको मनकर्णा गाते. सिनेमाची गाणी ते म्हणत नाहीत, स्वतःची म्हणतात. तालमीला आलेल्यांची परतीची गाडी नेहमी चुकते, म्हणून नाव मुक्काम पार्टी.

डिसेंबरात मुंबईच्या एका कंपनीने त्यांची दोन गाणी रेकॉर्ड केली. कव्हर मी करावं असं ठरलं आहे. कंपनीची अट एवढीच की दर्शनी बाजूला गाणारीचा फोटो आणि नाव हवं. रेकॉर्ड चालली तर जूनमध्ये आणखी चार गाणी.

पुण्याला चित्रकला शिकताना चार वर्षं प्लॅस्टरची डोकी काढली. आता संगमनेरला शाळेत मुलांकडून तांब्या आणि आंब्याचं पान काढून घेतो. माझं छापून येणारं हे पहिलं काम. हे कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवार, २८ जानेवारी

मुंबईहून आलेली नमुन्याची रेकॉर्ड आज पुन्हा ऐकली. पहिल्या बाजूचं गाणं असं:

बांधाला बसला छत्रीवाला, गं छत्रीवाला
ऊन आम्हाला, सावली त्याला, गं सावली त्याला
ज्वारी उपटून हात सोलले, गं हात सोलले
छत्रीवाल्याचे मऊच ऱ्हायले, गं मऊच ऱ्हायले

छत्रीवाला हे प्रतीक आहे. तो जमीनदार असेल, सरकार असेल. कदाचित कलावंतही असेल, जो दुसऱ्याच्या घामाकडे सावलीत बसून पाहतो. गोरक्षने हे कसं लिहिलं याचं नवल वाटतं. त्याची बाकीची गाणी दुकानाच्या पाटीसारखी आहेत. हे कसं सुचलं, असं त्याला विचारलं. "सुचलं आपलं," म्हणाला आणि ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधू लागला. खऱ्या कलावंताला स्वतःच्या कामाबद्दल बोलता येत नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

फोटोची परवानगी मागायला बोरखडीला गेलो. गोरक्ष आला नाही. दुकान टाकून येता येत नाही, शिवाय शिकलेल्या माणसाचं तिथे ऐकतात, असं त्याने सांगितलं.

सहादेव थांब्यावर घ्यायला आला होता. त्याची आई गोजरबाई. पन्नाशीच्या, उंच. त्यांचा आवाज वेशीपर्यंत येत होता. वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ओट्यावर बसले होते. हातात काळी छत्री. आभाळात एक ढग नव्हता. सवय असावी.

गोजरबाईंनी चहा दिला आणि आधी गाणं ऐकवा म्हणाल्या. मी सेलवर चालणारा प्लेअर नेला होता. रेकॉर्ड लागल्यावर शेजारच्या बायका जमल्या, तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. यंत्रातून ओळखीचा आवाज ऐकायची ही त्यांची पहिलीच वेळ असणार. नाना छत्री उघडत होते, मिटत होते. गोजरबाई खाली बघत होत्या. बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मनीनं बरं म्हनलंय. दुसरं कडवं घाईत गेलं."

स्टुडिओत वेळेचं बंधन असतं, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मधल्या गोल कागदावर काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं: मुक्काम पार्टी. गायिका मनकर्णा. गीत-संगीत गोरक्ष.

"गीत म्हंजी?"

गाणं ज्याने रचलं तो, असं मी सांगितलं.

"गोरक्षनं."

"हो."

त्यांनी कपबशी उचलली आणि गोठ्याकडे गेल्या. म्हशीला वैरण घालून परत आल्या तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता.

"फोटू न्हाई. तिचं नाव बी काढा. आनि मंबईला आता जायाची न्हाई ती."

मी बोललो. स्त्रियांचं पुढे येणं, बदलता काळ, कलेला मिळणारी मान्यता. चांगला बोललो असं वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं? गाडी चुकंल तुमची."

मनकर्णा दाराशी उभी होती. डोळे भरले होते. सासूकडे बघत होती. तिने बोलायला हवं होतं. नाना मला थांब्यापर्यंत पोचवायला आले, वाटभर माझ्यावरही छत्री धरली. जाताना म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घिऊ नका. तिचं बराबर असतंय." भिडस्त माणूस.

परतीच्या गाडीत विचार केला. सुनेने मुंबईला जाऊन गायलेलं चाललं, पण नाव छापलेलं दिसताच बिनसलं. छापील अक्षराची भीती. याच्यावर एक लेख होईल.

बुधवार, ६ फेब्रुवारी

पाचवी ब ला छत्री काढायला दिली. सगळ्यांनी छत्रीखाली माणूस काढला. मी नुसती छत्री सांगितली होती.

शनिवार, १६ फेब्रुवारी

नवी कल्पना. कल्पना कारभारीची आहे, पण तिला आकार मी दिला.

कारभारीचा टुरिंग टॉकीजचा तंबू आहे. गावोगावच्या जत्रांना तो सिनेमे दाखवतो. चैत्री पौर्णिमेला बोरखडीच्या जत्रेत त्याचा मुक्काम असतो. सायकलचं चाक नीट करायला दुकानात आला होता, तिथे रेकॉर्ड ऐकली. म्हणाला, ह्या गाण्याचा तीन मिनिटांचा सिनेमा करून द्या, मुख्य खेळाच्या आधी दाखवतो. कर्ण्यावर रेकॉर्ड लावू, पडद्यावर चित्र चालू. लोक रेकॉर्ड मागत येतील.

कॅमेरा श्रीमंतकडे आहे. श्रीमंतचा फोटो स्टुडिओ आहे आणि मोठ्या घरच्या लग्नात तो चावीच्या कॅमेऱ्याने सिनेमा काढतो. त्याची फिल्म कारभारीच्या मशीनला चालते. आवाज येत नाही, पण तो रेकॉर्डमध्ये आहेच.

मनकर्णाचा चेहरा दाखवता येणार नाही. मी ठरवलं, दाखवायचाच नाही. ती पाठमोरी. ज्वारीच्या ताटांमध्ये फक्त एक पाठ आणि आवाज. गोरक्ष म्हणाला, "म्हंजी पुन्हा आमी कुठं न्हाईच." त्याला बांधावर पेटी घेऊन बसायला दिलं आहे.

रविवार, २४ फेब्रुवारी

पुन्हा बोरखडी. उभी ज्वारी फक्त नानांच्या मळ्यावर उरली आहे, बाकीच्यांची काढणी झाली. नानांना वावर मागितलं. ते म्हणाले, "तिला इचारा."

गोजरबाईंनी अट घातली. दिवस मावळायच्या आत सगळं वावर काढून झालं पाहिजे. सिनेमाला येतील त्या सगळ्या बाया ज्वारी उपटतील, नुसतं गाण्याचं सोंग करून चालणार नाही. मी कबूल केलं. वास्तवाचा स्पर्श येईल.

मग छत्रीवाल्याचा प्रश्न. मी आसारामला बसवणार होतो. पण नानांकडे छत्री आहे, चेहराही कोरा आहे. त्यांनाच विचारलं. ते दचकले.

"मीच?"

"हो. नुसतं बसायचं. अभिनय नको."

त्यांनी घराकडे पाहिलं. गोजरबाई दारात होत्या. पहिल्यांदाच हसल्या. "बसवा की. सवय हाय त्यानला."

अभिनयाची सवय कशी ते कळलं नाही. गावच्या नाटकात काम केलं असेल.

रविवार, ३ मार्च

चित्रीकरण झालं. हात दुखत आहेत, तरी लिहितो.

सकाळी मळ्यावर पोचलो तर बाया आपापल्या पातीला, म्हणजे ओळीला, लागलेल्या होत्या. वीसेक असतील. एवढ्या कशा आल्या विचारलं तर सहादेव म्हणाला, नाना छत्रीवाला झालेत हे सगळ्यांना कळलंय. कलेबद्दल इतकी उत्सुकता गावात असेल असं वाटलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या एका चावीत अर्धं मिनिट फिल्म चालते. म्हणून गाण्याचे तुकडे केले. प्लेअर बांधावर ठेवला. रेकॉर्ड लागली की सहादेव ढोलकी वाजवणार, गोरक्ष पेटी, आसाराम क्लॅरिनेट, बाया तोंड हलवत ज्वारी उपटणार. "छत्रीवाला" हा शब्द आला की नानांनी छत्री उघडायची.

पहिल्यांदा नानांनी छत्री उघडली तेव्हा सगळं शेत हसलं. श्रीमंतने कॅमेरा बंद केला. दुसऱ्यांदाही तेच. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी बाई खाली बसली ती उठेचना. "नाना, जरा मऊ हात दावा की कॅमेऱ्याला," म्हणाली. नानांनी खरंच हात दाखवले. मी कडक आवाजात सांगितलं की हसायचं नाही, हे गंभीर गाणं आहे. त्यावर आणखी हसल्या. कॅमेरा पहिल्यांदा पाहिल्यावर असं होतं, असं श्रीमंत म्हणाला. म्हणताना तोही हसत होता.

तिसऱ्या खेपेला जमलं. मनकर्णा पाठमोरी, मी सांगितल्याप्रमाणे. मात्र शेवटच्या ओळी म्हणताना दोनदा वळून तिने सासू कुठे आहे ते पाहिलं. तेवढं फिल्ममध्ये आलं असेल.

दुपारी गोजरबाई भाकरीची पाटी घेऊन आल्या आणि वावराच्या टोकाला उन्हात बसल्या. गाणं ऐकून म्हणाल्या, "गाणं झोपलंय तुमचं." उन्हात सगळंच संथ वाटतं. कडवी पुढे सरकत राहिली, बाया पुढे सरकत राहिल्या. मनकर्णाचे हात खरोखर सोलले आहेत.

शेवटचा तुकडा वाया गेला. ठरलं होतं असं: गाणं संपतं, बाया निघून जातात, रिकाम्या वावरात एकटा छत्रीवाला उरतो. एकाकी आकृती. श्रीमंतने चावी दिली, कॅमेरा सुरू झाला आणि नाना उठले. मी थांबा म्हणतो आहे, ते चालत सुटले. ढेकळांतून नीट पावलं टाकत वावराच्या टोकाला गेले आणि गोजरबाईंच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. त्या त्यांना काहीतरी बोलत होत्या, बहुतेक रागावत होत्या. छत्री काही हलली नाही. श्रीमंतने कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत नेला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, हात आपोआप गेला. फिल्म तिथेच संपली.

नानांना समजावलं की त्यांनी चित्राचा अर्थ बदलला. त्यांनी माफी मागितली. "तिला ऊन लागत व्हतं," म्हणाले.

दिवस मावळायच्या आत वावर निघालं. गोजरबाईंनी सगळ्यांना बांधाकडेला हिरवी राहिलेली हुरड्याची कणसं वाटली. मलाही दिली. फोटोचं विचारलं. "गाडी चुकंल," म्हणाल्या.

मंगळवार, १९ मार्च

फिल्म मुंबईहून धुऊन आली. खिडकीशी धरून काचेतून पाहिली. पाठ चांगली आली आहे. शेवटचा तुकडा कापून टाकायचा आहे. कारभारीला निरोप दिला. तो उलट म्हणतो की फिल्म कापली की जोडावर अडकते, आहे तशी राहू द्या, गाणं संपलं की मशीन बंद करतो.

रविवार, २४ मार्च

मनकर्णा आणि सहादेव बाजाराला आले होते. सहादेव गोरक्षशी बोलत होता तेव्हा मनकर्णा माझ्या खोलीच्या जिन्यापाशी आली. कव्हर दाखवा म्हणाली. दाखवलं. तिने लाल वर्तुळावरून बोट फिरवलं.

"मास्तर, तुमी आत्याबाईंना काय इचारलं व्हतं?"

"फोटोचं."

"फोटूचंच?"

"हो. आणखी काय विचारणार?"

ती म्हणाली की काढणीला बाया गातात ते गाणं कुणी छापत नसतं, म्हणून तिला वाटलं होतं की चालतंय. पहिल्या सुगीला सासूच्या शेजारच्या पातीला असताना ती हसायला शिकली, त्याच्या आधी माहेरच्या आठवणीने नुसती रडायची. एवढं बोलून खाली गेली.

सासूबद्दल तिला प्रेम आहे, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं. म्हणूनच ती बंड करत नाही. तिच्या पहिल्या सुगीचा कव्हरशी संबंध काय, ते मात्र उमगलं नाही. गोरक्षला विचारलं. त्याचे हात ग्रीसने भरले होते. "बायकांचं काय ते बायकांनला म्हाईत," म्हणाला आणि एकाच नटाशी बराच वेळ झटत राहिला.

शनिवार, ३० मार्च

कंपनीने मुंबईहून ट्रंक कॉलवर गोरक्षला शेवटचं सांगितलं. आठ तारखेपर्यंत गाणारीचा फोटो आणि संमती आली नाही तर हेच गाणं मुंबईची गायिका पुन्हा गाईल. तिचा फोटो त्यांच्याकडे तयार आहे.

म्हणजे गाणं राहील, मनकर्णा जाईल. मुक्काम पार्टीही जाईल; मुंबईची गायिका काही सायकलच्या दुकानात तालमीला यायची नाही. गोरक्षला म्हटलं, चल, बोरखडीला जाऊ. तो बाकावर बसून राहिला. म्हणाला, "मला बघून म्हातारी आनखी चिडंल." का चिडेल ते सांगेना.

कव्हर मात्र बदलावं लागणार नाही. माझ्या कव्हरवर चेहरा नाहीच. ही गोष्ट मनात आली आणि थोडं बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. नंतर बरं वाटलं नाही.

शनिवार, ६ एप्रिल

जत्रा. पहिला खेळ संध्याकाळी सातला. जे झालं ते क्रमाने लिहितो.

तंबू भरला होता. मध्ये दोर, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बाहेर इंजिन धडधडत होतं. बायकांत पुढे गोजरबाई, त्यांच्या शेजारी मनकर्णा. आमच्या बाजूला नाना, मिटलेली छत्री मांडीवर. श्रीमंतनेही जत्रेत फोटोचा पडदा लावला होता, तो सोडून आला. मी कारभारीजवळ मशीनपाशी. रेकॉर्ड लावायचं काम माझं.

दिवा गेला. मी सुई टेकवली, कारभारीने मशीन सुरू केलं. पडद्यावर ज्वारी हलली. "आपलं वावर," कुणीतरी म्हणालं.

सुरुवातीची पेटी वाजत होती तोवर ठीक होतं. मग कर्ण्यातून "छत्रीवाला" आलं आणि पडद्यावरचे नाना नुसते बसून. पुढची ओळ सुरू झाली तेव्हा त्यांनी छत्री उघडली. सहादेवचा हात ढोलकीवर पडला की आवाज आधीच होऊन गेलेला. बाया तोंड मिटत तेव्हा कर्णा दुसऱ्या कडव्यात. तंबू हसायला लागला. मी सुई उचलून मागे नेली, ते आणखी बिघडलं. माझ्या लक्षात आलं. मळ्यावर प्लेअरचे सेल उतरलेले होते. रेकॉर्ड हळू फिरत होती आणि आम्ही सगळे दिवसभर त्या हळू गाण्यावर हललो होतो. गाणं झोपलंय, हे मला त्याच दिवशी कुणीतरी सांगितलं होतं.

रेकॉर्ड संपली. कर्णा खरखरला. फिल्म अजून चालू होती. कारभारीला बंद कर म्हणालो. तो पडद्याकडे बघत होता, त्याने ऐकलं नाही.

पडद्यावर रिकामं वावर. बांधावर नाना. नाना उठले. चालायला लागले. तंबूत अजून थोडं हसू होतं, ते हळूहळू थांबलं. ढेकळांतून नीट पावलं टाकत ते वावराच्या टोकाला गेले आणि छत्री धरली. पडद्यावरच्या गोजरबाई रागावल्या. आवाज नव्हता, तरी काय म्हणाल्या असतील ते सगळ्यांना कळलं. छत्री हलली नाही. कुणी हसलं नाही.

फिल्म सुटली, पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्या उजेडात बायकांच्या बाजूने आवाज आला. बांधाला बसला छत्रीवाला. जाड, सावकाश, मोकळा आवाज. मनकर्णाचा नव्हता. "गं छत्रीवाला" ही झील सगळ्या बायकांनी दिली. गोजरबाई बसूनच गात होत्या. दुसऱ्या कडव्याला मनकर्णाने त्यांचा सूर धरला. दुसरं कडवं घाईत गेलं नाही.

रेकॉर्डवर दोनच कडवी आहेत. गोजरबाई थांबल्या नाहीत. तिसरं होतं, चौथं होतं. नानांच्या आळसाचं एक, नानांच्या भुकेचं एक. प्रत्येकाला लोक नानांकडे वळून बघत, आणि नाना लग्नातल्या नवऱ्यासारखे मान खाली घालून बसलेले. मग एक कडवं नवं आलं. बायकाही त्यावर क्षणभर थांबल्या, म्हणजे त्यांनाही ते माहीत नव्हतं.

मास्तर आला कागद घेऊन, गं कागद घेऊन
शेत काढलं मानसं सोडून, गं मानसं सोडून

सगळा तंबू माझ्याकडे वळला.

त्यांनी ते कव्हर कधी पाहिलं? मनकर्णाने सांगितलं असणार.

गोरक्ष माझ्या मागे उभा होता. मी त्याला विचारलं, हे गाणं कुणाचं आहे.

"त्यांचं."

"तुला माहीत होतं?"

"मास्तर, पंचक्रोशीला म्हाईत हाय. नानांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापास्नं म्हनत्यात बाया. चाल मी जरा पळती केली व्हती, म्हनून माझं नाव दिलं." मग म्हणाला, "तुमाला बी म्हाईत आसंल आसं वाटलं मला. तुमी नानांनाच बसवलं की."

गोरक्ष दोरापर्यंत गेला. बायकांच्या बाजूला जाता येत नाही, म्हणून दोराच्या अलीकडून वाकला आणि म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. गानं तुमचं हाय. तसं लिहितो."

गोजरबाई म्हणाल्या, "लिवलंस की वाचून दाव. मास्तराकडनं नको, मनीकडनं."

मग कारभारीने मुख्य खेळ लावला. कोणता सिनेमा होता ते आठवत नाही.

रविवार, ७ एप्रिल

सकाळी मळ्यावर फोटो काढला. श्रीमंतने जत्रेतला विमान रंगवलेला पडदा आणला होता, तो गोजरबाईंनी परत पाठवला. बांधावर मध्ये त्या बसल्या, शेजारी मनकर्णा. मागे गोरक्ष, सहादेव, आसाराम. नाना उभे, छत्री उघडी. छत्री दोघींवर होती, नाना उन्हात.

मी कागद दाखवला. गोजरबाईंनी लाल वर्तुळाचं विचारलं. ऊन, म्हणालो. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. रेघेच्या वर फोटो बसतो.

मागचा मजकूर नव्याने लिहिला. गायिका मनकर्णा सहादेव. संगीत गोरक्ष. गीताच्या पुढे गोजरबाई लिहिलं आणि त्यांना नवऱ्याचं नाव विचारलं. त्या घेईनात. नानांनीच सांगितलं: रंगनाथ. मनकर्णाने सगळं वाचून दाखवलं. श्रीमंतने फोटो लगेच धुऊन दिला आणि फोटो, कव्हर, मजकूर सगळं घेऊन आसाराम दुपारच्या गाडीने मुंबईला गेला.